ग्राफिक्स कार्डचा पंखा : टक्के वेगळे, फेरे वेगळे



आज आपण संगणकाच्या एका लहानशा भागाची माहिती पाहणार आहोत. ग्राफिक्स कार्डवरचा पंखा. भाग लहान आहे, पण तो बंद पडला आणि वेळेत लक्षात आलं नाही तर पाच-सात हजारांचं कार्ड हातचं जातं. आपल्यापैकी बरेच जण आता घरच्या संगणकावर पाठांचे व्हिडिओ तयार करतात, मुलं गेम खेळतात, शाळेच्या लॅबमध्येही एखाद्या संगणकात असं कार्ड बसवलेलं असतं. ही कार्डं बहुतेक वेळा स्वस्तातली किंवा सेकंड हँड असतात. म्हणजे एनव्हिडियाचं जीटी ७१०, जीटी १०३०, जीटीएक्स १०५०, जीटीएक्स १६५०, नाहीतर एएमडीचं आरएक्स ५५०. महागड्या कार्डांबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं असतं. या गरीब कार्डांच्या पंख्याबद्दल मराठीत फारसं सापडत नाही, म्हणून हा पाठ.

आधी उष्णतेचं गणित बघू. जीटी ७१० हे कार्ड जास्तीत जास्त १९ वॅट वीज घेतं, जीटी १०३० हे ३० वॅट, आरएक्स ५५० साधारण ५० वॅट, आणि जीटीएक्स १०५० किंवा १६५० ही ७५ वॅटपर्यंत. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच ७५ वॅटपर्यंतच वीज देऊ शकते. म्हणूनच या स्वस्त कार्डांना बहुतेक वेळा वेगळी वीजजोडणी लागत नाही. आता ही सगळी वीज शेवटी जाते कुठे? उष्णतेत. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. चालू असताना त्याला हात लावता येत नव्हता. इथे तेवढ्याच विजेतला मोठा भाग १०५० च्या चिपमध्ये, म्हणजे फक्त १३२ चौरस मिलिमीटर जागेत उष्णता होऊन बाहेर पडतो. अंगठ्याच्या नखाएवढी जागा! ही उष्णता अॅल्युमिनियमच्या हीटसिंकमध्ये पसरते आणि पंख्याची हवा ती उचलून नेते. पंखा थांबला तर हीटसिंक एकटा पुरत नाही.

जीटी ७१० किंवा १०३० चे काही प्रकार मात्र बिनपंख्याचे असतात. त्यांच्यावर नुसता मोठा हीटसिंक असतो. अशा कार्डाच्या पंख्याचा वेग सॉफ्टवेअरमध्ये दिसला नाही तर घाबरू नका, दाखवायला पंखाच नाहीये. पण मग कॅबिनेटमधली हवा खेळती हवी. सगळ्या बाजूंनी बंद, भिंतीला टेकवलेला कॅबिनेट असेल तर बिनपंख्याचं कार्ड बिचारं आतल्या आत उकडतं.

आता मुख्य मुद्दा.

आपल्या घरातला छताचा पंखा डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर रेग्युलेटर आहे, त्यावर १ ते ५ आकडे आहेत. तुम्ही बटण ४ वर ठेवलं. याचा अर्थ पंखा चौथ्या वेगाने फिरतोय असा होतो का? नाही. कपॅसिटर गेला असेल तर पंखा नुसता गुणगुणत उभा राहतो, काठीने ढकलला की मग हळूहळू फिरायला लागतो. रेग्युलेटर तरीही ४ च दाखवतो. तो आपला हुकूम दाखवतो, पंख्याची अवस्था नाही.

ग्राफिक्स कार्डचं अगदी असंच आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘पंखा ६० टक्के’ असं दिसतं ना, तो रेग्युलेटरचा आकडा आहे. कार्डाने पंख्याला दिलेला हुकूम. पंखा प्रत्यक्ष मिनिटाला किती फेरे मारतोय हा दुसरा आकडा, त्याला आरपीएम म्हणतात. हे दोन आकडे कायम वेगळे ठेवा. आपण शिक्षकांना तर हे पटकन कळेल : गृहपाठ दिला आणि गृहपाठ झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! एनव्हिडियाने आपल्या कार्डांसाठी जे आज्ञावलीचं साधन दिलं आहे (एनव्हिडिया-एसएमआय), त्याच्या माहितीतही हे स्पष्ट केलेलं आहे. पंख्याचा जो टक्का दिसतो तो पंख्याने किती वेगाने फिरावं यासाठी ठरवलेला असतो. पंखा कशात अडकून उभा राहिला तर तो आकडा प्रत्यक्षाशी जुळणार नाही.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांकडे हेच घडलं. व्हिडिओ एडिट करताना दहा-पंधरा मिनिटांनी संगणक अडखळायचा. सॉफ्टवेअर पंखा ५५ टक्क्यांवर आहे म्हणत होतं, तापमान मात्र नव्वदीच्या घरात. सगळ्यांनी आधी विंडोज बदलून पाहिलं. शेवटी कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा कळलं की हार्ड डिस्कची एक सैल वायर खाली लोंबत होती आणि पंख्याच्या पात्याला अडत होती. पंखा जागच्या जागी उभा. वायर बांधली, काम झालं. आधी झाकण काढलं असतं तर विंडोज टाकण्याचे दोन दिवस वाचले असते.

मग आरपीएमचा आकडा बघितला की झालं की, असं तुम्ही म्हणाल. इथेच स्वस्त कार्डाची गोम आहे. तो आकडा मिळेलच असं नाही. का, ते पंख्याच्या तारा मोजल्या की समजतं.

पंख्याला दोन, तीन किंवा चार तारा असतात. दोन तारा म्हणजे एक धन, एक ऋण. बस्स. वीज आली की फिरायचं. व्होल्टेज कमी-जास्त करून कार्ड त्याचा वेग बदलू शकतं, पण अगदी स्वस्त कार्डांत तीही सोय कधीकधी नसते, पंखा कायम एकाच वेगाने फिरत राहतो. तिसरी तार आली की पंखा परत उत्तर देऊ लागतो. पंख्यातला चुंबकीय सेन्सर दर फेऱ्याला साधारणपणे दोन ठोके पाठवतो आणि कार्ड ते मोजतं. सेकंदाला १०० ठोके आले तर फेरे ५०, आणि मिनिटाला ५० × ६० = ३००० फेरे. सातवीच्या मुलांनाही करता येईल असं गणित आहे हे, जरूर द्या.

चौथी तार हुकुमाची. तिच्यातून वीज कमी-जास्त होत नाही, तर चालू-बंद, चालू-बंद असा इशारा जातो. संगणकाच्या चार-तारी पंख्यांसाठी ठरलेलं प्रमाण सेकंदाला २५ हजार वेळा असं आहे. आपल्या कानाला साधारण २० हजारांपर्यंतच ऐकू येतं, त्यामुळे या चालू-बंदची किणकिण आपल्याला जाणवत नाही. एका आवर्तनाला ४० मायक्रोसेकंद लागतात. त्यातले २० मायक्रोसेकंद चालू, २० बंद, म्हणजे ५० टक्के. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. आणि लक्षात घ्या, ५० टक्के म्हणजे बरोबर निम्मे फेरे असं मुळीच नाही. ते त्या त्या पंख्याच्या मोटरवर अवलंबून असतं.

तर दोन-तारी पंख्याच्या कार्डात फेरे मोजायची तारच नसते. सॉफ्टवेअरमध्ये आरपीएम शून्य दिसतं, किंवा ती ओळच येत नाही. टक्के मात्र ऐटीत ६० दिसत असतात. इथे लोक दोन्ही बाजूंनी फसतात. कुणी शून्य बघून ‘पंखा जळाला’ म्हणून दुकानात धावतो, तर कुणी ६० बघून निर्धास्त राहतो आणि पंखा खरोखर थांबलेला असतो. अशा कार्डासाठी खरा साक्षीदार एकच : तापमान. तापमानाचा सेन्सर चिपच्या आतच असतो, तो पंख्याच्या तारांवर अवलंबून नाही. स्वस्तात स्वस्त कार्डही तापमान सांगतंच.

बघायचं कशात? विंडोजवर जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात सेन्सरच्या पानावर तापमान, पंखा टक्के, पंखा आरपीएम, कार्डवरचा भार सगळं एका खाली एक दिसतं. वेग बदलायचा असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर. नावात एमएसआय असलं तरी ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं, हे अनेकांना माहीत नसतं. एएमडीच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही पंख्याची सोय असते.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं वेगळं. एएमडी कार्ड असेल तर लिनक्समध्ये हे आकडे चक्क साध्या फायलींत दिसतात. तापमानाच्या फाइलमध्ये ६१००० असं लिहिलेलं दिसेल. दचकू नका, तो अंशाचा हजारावा भाग आहे, म्हणजे ६१ अंश. पंख्याच्या हुकुमाचा आकडा तिथे शंभरात नाही तर ० ते २५५ मध्ये असतो. १५३ दिसलं तर १५३ भागिले २५५, म्हणजे ६० टक्के. फेऱ्यांची फाइल वेगळी असते. हुकूम एका फाइलमध्ये, उत्तर दुसऱ्या फाइलमध्ये. मला ही मांडणी फार आवडते, मुलांना दाखवायला तर उत्तमच.

आता वेग कसा ठरवायचा ते पाहू. कार्ड स्वतःच तापमान बघून पंखा कमी-जास्त करत असतं, त्याला ऑटो म्हणू. बहुतेकांनी ऑटोवरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण जुनं कार्ड, कडक उन्हाळा किंवा आवाजाचा त्रास असेल तर आफ्टरबर्नरमध्ये स्वतःची रेषा आखता येते. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर टक्के. आपण काही बिंदू देतो आणि सॉफ्टवेअर मधली जागा सरळ रेषेने भरतं. समजा ६० अंशांना ५० टक्के आणि ७५ अंशांना ८० टक्के असे बिंदू दिले. तापमान ६६ अंश असेल तर पंखा किती? १५ अंशांमध्ये ३० टक्के वाढ, म्हणजे दर अंशाला २ टक्के. ६६ म्हणजे ६ अंश पुढे, म्हणून ५० + १२ = ६२ टक्के. आलेख आणि प्रमाण शिकवताना रेल्वेच्या उदाहरणाऐवजी एखादे दिवशी हे घेऊन बघा.

रेषा आखताना एक अडचण येते. तापमान ६० च्या आसपास घुटमळत असलं की पंखा सारखा वर-खाली, वर-खाली करतो. तो हुंकार एकसारख्या आवाजापेक्षा जास्त डोकं उठवतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये हिस्टेरेसिस नावाचा पर्याय असतो. म्हणजे वाढताना लगेच वाढ, पण उतरताना तापमान काही अंश खाली गेल्याशिवाय वेग कमी करू नकोस. आपली इस्त्री असंच करते. ती गरम झाली की दिवा विझतो, पण किंचित थंड झाल्याबरोबर परत पेटत नाही, बऱ्यापैकी उतरल्यावरच पेटतो. दोन-तीन अंशांची सूट दिली तरी पंखा शांत होतो.

‘मग सरळ १०० टक्क्यांवर ठेवू, काळजीच नको!’ असं सुचवणारे खूप भेटतात. पंख्यांचा एक नियम आहे. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी शक्ती आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. शिवाय स्वस्त कार्डांचे पंखे अनेकदा साध्या तेलाच्या बुशिंगवर फिरतात, बॉल बेअरिंग नसतं. कायम पूर्ण वेगावर आणि गरम हवेत ते तेल लवकर सुकतं, मग घरघर सुरू होते, आणि एक दिवस सकाळी पंखा उठतच नाही. लहान पंख्याला तेवढ्याच हवेसाठी जास्त फेरे मारावे लागतात, म्हणून चिमुकल्या पंख्याची कार्डं मोठ्यांपेक्षा जास्त किंचाळतात.

उलट टोकही वाईट. वेग हाताने खूप कमी ठेवला तर काही पंखे सुरूच होत नाहीत, कारण थांबलेल्या पंख्याला सुरू व्हायला फिरत राहण्यापेक्षा जास्त जोर लागतो. पुन्हा तोच काठीने ढकलायचा छताचा पंखा! म्हणूनच अनेक कार्डांत कंपनीने खालची मर्यादा घालून दिलेली असते, सॉफ्टवेअरमधली पट्टी त्याच्या खाली सरकतच नाही. आणि हाताने एकच ठरावीक वेग ठेवून विसरून जाऊ नका. मॅन्युअलवर असताना तापमान वाढलं तरी पंखा आपणहून वाढत नाही. कार्ड शेवटी स्वतःला वाचवायला चिपचा वेग कमी करतं आणि त्याहूनही तापलं तर बंद पडतं. १०५० साठी एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९७ अंश आहे, पण मर्यादा आहे म्हणून तिथपर्यंत रोज जायचं नसतं.

काही कार्डांत, विशेषतः जीटीएक्स १६५० च्या काही प्रकारांत, तापमान कमी असताना पंखा मुद्दाम पूर्ण बंद ठेवलेला असतो. नुसतं वर्ड उघडून बसलात आणि पंखा थांबलेला दिसला तर तो दोष नव्हे. भार टाकल्यावर फिरतो का, ते बघा.

तर आता आपल्या कार्डाची परीक्षा घेऊ. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, पण आत हात घालायचा नाही. आफ्टरबर्नरमध्ये पंखा ऑटोवरून काढून ४० टक्के करा, अर्धा मिनिट थांबा, मग ८० करा. डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका. आवाज बदलला तर पंखा हुकूम ऐकतो आहे. आवाज तसाच राहिला आणि पंखा फिरत असेल तर तो एकाच वेगाचा पंखा आहे, पट्टी सरकवण्यात वेळ घालवू नका. ती पट्टी फिकट दिसत असेल आणि सरकतच नसेल तरी निष्कर्ष बहुधा तोच. त्यानंतर पंखा परत ऑटोवर आणा, एखादा गेम किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट दहा मिनिटं चालवा आणि दर मिनिटाला तापमान वहीत लिहा. निरोगी कार्डाचं तापमान आधी भराभर चढतं आणि मग एका आकड्यापाशी सपाट होतं. आलेख सपाट न होता चढतच राहिला तर पंखा, धूळ किंवा आतली पेस्ट यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. फरमार्क नावाचं सॉफ्टवेअर कार्डाला मुद्दाम प्रचंड तापवतं. जुन्या स्वस्त कार्डावर ते तासभर चालवून ‘टेस्ट’ घेणाऱ्यांपासून सावध राहा, दोन-चार मिनिटं पुरेत.

आकडे लिहिताना खोलीचं तापमानही लिहा. हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. कार्ड खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही, ते खोलीपेक्षा किती वर आहे एवढंच पंख्याच्या हातात असतं. जानेवारीत खोली २८ अंश आणि कार्ड ६६, म्हणजे फरक ३८ चा. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात दुपारी वरच्या मजल्यावरची खोली ४० अंशांवर गेली, तर त्याच वेगाच्या पंख्याने कार्ड ७८ वर जाणार. ऑटोवर असेल तर पंखा थोडा वाढून एक-दोन अंश वाचवेल. यात कार्डाचा काही दोष नाही. दोष ओळखायचा तो फरकावरून. जानेवारीत ३८ असलेला फरक मे महिन्यात ५० झाला तर मात्र धूळ साचलीय असं समजा.

धूळ काढताना संगणक बंद, वायर भिंतीतून काढलेली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात गरगरतो आणि बुशिंगची वाट लागते. शिवाय फिरवलेली मोटर स्वतःच वीज तयार करते, ती उलटी कार्डात जायला नको. हीटसिंकच्या पट्ट्यांमधली धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशने निघते. लॅबच्या खिडकीसमोर मैदान असेल तर हे सहा महिन्यांतून एकदा तरी करावंच लागतं.

पंखा बदलायची वेळ आली तर सगळं कार्ड टाकून देऊ नका. पंखा वेगळा मिळतो. त्यासाठी तीन गोष्टी मोजून न्या : पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि तारांची संख्या. मदरबोर्डवर लागणारा कॅबिनेटचा पंखा कार्डात थेट बसत नाही, कार्डावरचा कनेक्टर लहान असतो. आणि दोन तारांच्या जागी चार-तारी पंखा आणला म्हणून आरपीएम दिसायला लागेल असं नाही, कारण कार्डाच्या बाजूलाही चार पिना हव्यात.

नवीन किंवा जुनं कार्ड घेणार असाल तर दुकानदाराला गिगाबाइट विचारण्याआधी कार्ड उलटं-सुलटं करून पंख्याच्या तारा मोजा. चार असतील तर उत्तम, दोन असतील तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. (व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आणखी एक : जीटी १०३० मध्ये एनव्हिडियाचा व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे पाठ एक्स्पोर्ट करताना ते कार्ड अपेक्षेइतकं मदतीला येत नाही.) मग पंखा बोटाने हलकेच फिरवून बघा. तो सहज फिरत राहून सावकाश थांबला पाहिजे. लगेच अडकून थांबला किंवा वर-खाली डुगडुगला, तर दुकानदाराने लॅपटॉपवर कितीही टक्के दाखवले तरी ते कार्ड परत ठेवा.